धप्पा

२००४ च्या पावसाळ्यात आमच्या कराडात नेट कॅफेचा दर तासाला वीस रुपये होता, आणि अर्धाच तास बसलं तर पंधरा. या हिशेबातला अन्याय आम्हाला सोसत नसे. म्हणून दोघं मिळून एक तास घ्यायचो आणि एकाच खुराड्यात दाटीवाटीनं बसायचो. खुराडं म्हणजे प्लायवूडच्या तीन भिंती, चौथ्या बाजूला मळका पडदा, आत एक ढेरपोट्या मॉनिटर, सरकत्या ट्रेवर कीबोर्ड, आणि ज्याच्या पोटातला रबरी गोळा काढून सारखा नखानं खरवडावा लागे असा माऊस. (पुढे २०११ साली केंद्र सरकारनं सायबर कॅफेंसाठी नियम काढले. आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नसावी, असं त्यात लिहिलंय. आमच्या खुराड्यांच्या भिंती सहा फुटी होत्या. हा नियम कुणाला डोळ्यांसमोर ठेवून केला असेल ते आम्हाला समजावून सांगायची गरज नव्हती.)

शेवटची दहा-पंधरा मिनिटं उरली असताना मित्र उठला आणि मला खुर्ची दिली.

"एक गेम आहे. फक्त लक्ष पाहिजे. तिसरी लेव्हल अजून कुणाला जमली नाही."

इथंच मला संशय यायला हवा होता. दहा रुपये भरलेला माणूस शेवटच्या दहा मिनिटांत माऊस सोडत नसतो.

काळा पडदा, त्यावर फिकट निळा रस्ता, रस्त्यात एक ठिपका. कडेला न लावता ठिपका टोकापर्यंत न्यायचा, की झालं. पहिली पायरी शेंबड्या पोरालाही जमेल अशी. दुसरी जरा वळणावळणाची. तिसऱ्या पायरीला रस्ता निमुळता होत जातो आणि शेवटी दोऱ्याएवढा उरतो. मी पुढे वाकलो. नाक काचेपासून वीतभर. श्वास कधी रोखला ते कळलं नाही. एरवी अखंड बडबडणारा मित्र माझ्या मागे एकदम गप्प उभा होता. आणि मग पडदाभर एक चेहरा आला, स्पीकर फाटेल अशा किंकाळीसकट.

माझा गुडघा ट्रेवर आपटला, कीबोर्ड खाली पडला, मालक पडदा सारून आत डोकावला. मित्र प्लायवूडला टेकून, पोट धरून खाली बसला होता. मी त्याला दोन-तीन ठेवणीतल्या शिव्या दिल्या, आणि मग मलाही हसू फुटलं. हसणं ओसरल्यावर मी जे पहिलं वाक्य बोललो ते मला अजून आठवतं. मी म्हणालो, "उद्या पक्याला आणू."

लपंडावात ज्याच्यावर राज्य असतं तो सगळ्यांना हुडकत फिरतो, आणि लपलेल्यांतला एक जण गुपचूप मागून येऊन त्याच्या पाठीत थाप मारतो. धप्पा! राज्य पुन्हा त्याच्यावरच. ती थाप जोरात नसते, पण काळजाचा ठोका चुकतो, आणि सगळी गल्ली हसते. त्या दिवशी खुराड्यात मला मिळाला तो धप्पा होता. माझ्यावर आलेलं राज्य पक्यावर चढवल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती.

पुढच्या आठवड्यात आमच्या वर्गातल्या निदान पंधरा जणांवर राज्य येऊन गेलं. इंटरनेटवरच्या या गोष्टींचा इतिहास मी नंतर हौसेनं वाचला. साल कुठलं, फाइल कुणाची, कुठली साइट कधी बंद पडली, हे सगळं त्यात सापडतं. खुर्चीमागे उभा असलेला माणूस मात्र त्यात नसतो. माझ्या आठवणीत तर तोच जास्त ठळक आहे.

तो चक्रव्यूहाचा खेळ जेरेमी विंटररोड या माणसाचा, २००३ च्या आसपासचा. फ्लॅश नावाच्या तंत्रात केलेला. त्या काळच्या टेलिफोन लाइनवर व्हिडिओ उतरवून घेणं म्हणजे पुढच्या आठवड्याचं काम. फ्लॅशची फाइल मात्र चिमुकली असे, आणि चित्र, हालचाल, आवाज सगळं तिच्या पोटात असे. ब्राउझरमध्ये उघडली की सुरू. घरात बसून कुणीही एकट्यानं गेम करावा आणि जगभर सोडावा, असं त्याआधी इतकं सोपं कधी नव्हतं. बहुतेकांनी कार्टून केली, नेमबाजीचे खेळ केले. काहींना हे सुचलं.

आणि त्यातली कारागिरी मान्य करायलाच हवी. घाबरवायचं तर माणूस पडद्याजवळ यायला हवा, त्याचे हात गुंतलेले हवेत, आवाज मोठा हवा, आणि मनात दुसरा कुठलाही विचार नको. हे सगळं त्याला करायला सांगितलं तर तो करणार नाही. पण रस्ता अरुंद केला की तो आपसूक वाकतो. कडेला लागलं की पहिल्यापासून, असं म्हटलं की श्वास रोखतो. आपला सापळा तो स्वतःच्या हातानं, एकेक इंच, लावत जातो. याच सुमाराला आणखी एक प्रकार फिरत होता. एका खोलीचं साधं चित्र असे, आणि 'या चित्रात काय चुकलंय ते शोधा' अशी सूचना. आपण टेबल, खुर्च्या, खिडक्या न्याहाळत बसायचं. दिवाळी अंकातल्या 'दहा फरक ओळखा'वर वाढलेली पिढी आमची. आम्ही तर अगदी मन लावून शोधायचो.

त्या चेहऱ्याबद्दल. तो १९७३ च्या 'द एक्झॉर्सिस्ट' सिनेमातला, पछाडलेल्या मुलीचा. लिंडा ब्लेअर ही नटी चित्रीकरणाच्या वेळी जेमतेम तेरा-चौदा वर्षांची होती. डिक स्मिथ या रंगभूषाकारानं तासन्‌तास खुर्चीत बसवून तिचं ते रूप घडवलं होतं. मी तेव्हा सतरा वर्षांचा. म्हणजे ज्या चेहऱ्यानं मला कीबोर्डसकट हलवलं, तो माझ्याहून लहान पोरीचा होता आणि त्यावर थरावर थर मेकअप होता. हे कळल्यावर भीती जायला हवी होती. गेली नाही.

या बाबतीत मला मोठी सोबत आहे. चार्ल्स डार्विन लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पफ अ‍ॅडर या विषारी सापाच्या जाड काचेला तोंड लावून उभा राहिला. सापानं झेप घेतली तरी हलायचं नाही, असा त्यानं पक्का निश्चय केला होता. साप काचेवर आदळला आणि डार्विन महाशय दोन-एक पावलं मागे! भावनांच्या आविष्कारावरच्या १८७२ च्या आपल्या पुस्तकात त्यानं हे प्रांजळपणे लिहून ठेवलंय, की न अनुभवलेल्या संकटाच्या नुसत्या कल्पनेपुढे माझी इच्छाशक्ती आणि बुद्धी दोन्ही हतबल ठरल्या. पुढे लँडिस आणि हंट या दोन मानसशास्त्रज्ञांनी माणसांजवळ पिस्तुलाचे बार काढून वेगवान कॅमेऱ्यानं त्यांची चित्रं घेतली. १९३९ च्या त्यांच्या पुस्तकात दचकण्याचा सगळा आलेख आहे. आधी पापण्या मिटतात, मग मान पुढे जाते, खांदे आखडतात, हात-गुडघे आत ओढले जातात. बाकीचं सवयीनं कमी होतं, पापण्या मात्र मिटतच राहतात. आवाज कानात शिरल्यापासून पापणी मिटेपर्यंत सेकंदाचा विसावा भागही पुरतो. 'हा तर मेकअप आहे' हा विचार तिथवर पोचेपर्यंत कीबोर्ड जमिनीवर.

आपल्याकडे याला नेमका शब्द फार जुना आहे, आणि तो वाचून मला हसू आलं होतं. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रस आहे, त्याचा स्थायीभाव भय. पण ते तेहेतीस व्यभिचारी भाव, जे येतात आणि जातात, त्यांत एक वेगळा भाव आहे: त्रास. वीज कडाडणं, उल्का पडणं, मेघगर्जना, भूकंप अशा गोष्टींनी अंगाला येणारा एकदम हिसका, तो त्रास. दोन हजार वर्षांत हा शब्द घसरत घसरत शेजारच्यांच्या टीव्हीच्या आवाजापर्यंत आला. पण चक्रव्यूहाच्या खेळाला मराठीत काय म्हणावं असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. तो त्रास होता. दोन्ही अर्थांनी.

ही युक्ती काही इंटरनेटची नव्हे. १९४२ च्या 'कॅट पीपल' या हॉलिवूडपटात एक बाई रात्री सुनसान रस्त्यानं चाललीय, मागून कुणीतरी येतंय असं तिला वाटतंय, ताण वाढत जातो, आणि एकदम फिस्सकन काहीतरी अंगावर येतं. बघतो तर बस थांबलेली असते, तो तिच्या ब्रेकचा आवाज. निर्माता वॅल लूटन. त्यावरून सिनेमावाले अशा प्रसंगाला 'लूटनची बस' म्हणू लागले. (एसटी स्टँडवर वाढलेल्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय, हा प्रश्न मला पडतो, पण असो.) आणि २००४ सालीच जर्मनीत के-फी नावाच्या डबाबंद कॉफीच्या जाहिराती निघाल्या. हिरव्यागार टेकड्यांतून एक मोटार शांतपणे वळणं घेत चाललीय, मंद संगीत, आपण डोळे बारीक करून बघतोय, आणि मध्येच एक भूत किंचाळत उभं राहतं. मग अक्षरं येतात: 'इतके जागे तुम्ही कधीच नव्हता.' या सगळ्या प्रकारात मला हीच मंडळी प्रामाणिक वाटतात. झोप उडवण्याचा माल विकत होते, झोप उडवून दाखवली.

आता दुसऱ्या वाटेकडे वळतो. तिच्यावर मला फार वेळ थांबायचं नाही.

पक्या आणि मंडळींवर राज्य देऊन झाल्यावर गेम शिळा झाला. त्याच मित्रानं मग एक दिवस कागदाच्या चिटोऱ्यावर एक पत्ता लिहून आणला: रॉटन डॉट कॉम. त्या दिवशी त्या पडद्यावर मी एकच फोटो बघितला. काय होतं ते लिहिणार नाही. किंकाळी नव्हती, चेहरा अंगावर आला नव्हता, चित्र नुसतं स्थिर होतं. मी खुर्चीतून हललोही नाही. घरी आलो, आईनं ताट वाढलं, आणि आमटीकडे बघून मला मळमळलं. "बाहेर काय खाल्लंस?" आईनं विचारलं. मी म्हटलं, वडापाव.

दचकलेला माणूस ओरडतो, मग हसतो, मग दुसऱ्याला बोलावतो. किळस आलेला माणूस गप्प होतो. रसशास्त्रात बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा आहे. तो स्थायी का, ते मला त्या रात्री समजलं. त्रास आला नि गेला. हे मात्र मुक्कामाला आलं होतं.

रॉटन १९९६ साली निघालं. थॉमस डेल हा संगणकतज्ज्ञ 'सॉयलेंट' या टोपणनावानं ते चालवत असे. अपघात, शवविच्छेदन, विकृत मृत्यू यांची छायाचित्रं तिथं गोळा केलेली असत. त्यामागे एक भूमिका होती आणि ती ऐकायला तरी हवी. त्याच वर्षी अमेरिकेत 'कम्युनिकेशन्स डीसेन्सी अ‍ॅक्ट' आला होता. मुलांच्या नजरेला पडेल अशा जागी असभ्य मजकूर ठेवणं हा त्यानं गुन्हा ठरवला. इंटरनेट म्हणजे पाळणाघर नाही, मोठ्यांच्या जगात वैद्यकाच्या पुस्तकातली चित्रंही असतात, ती लपवायची तर काय काय लपवणार, असा रॉटनचा रोकडा सवाल होता. २६ जून १९९७ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या कायद्याची वादग्रस्त कलमं रद्द केली. त्यानंतर दोनच महिन्यांनी राजकन्या डायना गेली आणि रॉटननं तिच्या मृतदेहाचा म्हणून एक फोटो झळकवला. तो खोटा होता. वर्तमानपत्रांनी निषेध केला आणि त्या निषेधातून साइटचं नाव आणखी लाखोंना कळलं.

विशीत मी डेलच्या बाजूचा होतो. सेन्सॉरशिप वाईट, बस्स. आता चाळिशीजवळ आलोय आणि अर्धाच त्याच्या बाजूला उरलोय. सरकारनं माझे डोळे झाकू नयेत, हे अजून पटतं. पण त्या फोटोतल्या माणसाला कुणी विचारलं होतं? आम्ही दोन पोरं, वीस रुपये तास, आणि समोर कुणाच्या तरी घरचा माणूस. लपंडाव खेळायला तो आलेलाच नव्हता.

या वाटेवर सगळ्यात कुप्रसिद्ध झाली ती गोट्से डॉट सीएक्स, १९९९ ची. तिच्यावर एकच एक अश्लील, ओंगळ चित्र होतं, आणि ते बघायला स्वतःहून कुणी जात नसे. जे जात ते फसून. 'बातमी इथं वाचा', 'माझ्या बहिणीच्या लग्नाचे फोटो' असं काहीतरी लिहून खाली हा दुवा द्यायचा. तेव्हा दुवा म्हणजे बंद पाकीट होतं. आत काय आहे त्याची झलक दिसण्याची सोय नव्हती. स्लॅशडॉट या संगणकवाल्यांच्या साइटवर हा खेळ इतका बोकाळला, की दुव्याशेजारी तो कुठल्या पत्त्यावर नेतो ते छापायची व्यवस्था त्यांना करावी लागली. आज मेसेजमध्ये दुव्याखाली त्याचं घर आपोआप दिसतं, तेव्हा मला ही जुनी खोड आठवते.

आणि हे 'सीएक्स' काय आहे? हिंदी महासागरातलं ख्रिसमस बेट. ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीतलं, वस्ती दोन हजारांच्या आत, प्रसिद्ध कशासाठी तर पावसाळ्याच्या तोंडाला जंगलातून समुद्राकडे चालत निघणाऱ्या कोट्यवधी लाल खेकड्यांसाठी. इंटरनेटच्या वाटणीत या बेटाला ही दोन अक्षरं मिळाली, आणि जगभर त्यांचा उच्चार झाला की लोक तोंड वाकडं करू लागले. शेवटी बेटावरच्याच एका रहिवाशानं तक्रार केली आणि जानेवारी २००४ मध्ये तो पत्ता काढून घेण्यात आला. खेकडे अजून चालतात.

ज्या वर्षी मी खुराड्यात बसलो होतो त्याच वर्षाच्या सुरुवातीला हे घडून गेलं होतं. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. आमच्या गावात सगळंच थोडं उशिरा यायचं, किळससुद्धा.

आता आत्या.

२००५ साली आमच्या घरी जोडणीचा कॉम्प्युटर आला. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय पन्नासच्या आसपास, पहिली-दुसरीचे वर्ग घ्यायची. सरकारी नोकरांना एमएस-सीआयटी सक्तीची झाली होती. पास झालं नाही तर पगारवाढ अडकायची. तिच्या वयाचे निम्मे मास्तर-बाई तेव्हा संध्याकाळी आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांशेजारी बसून डबल क्लिक शिकत होते. आत्याचं घोडं अडलं होतं माऊसपाशी. लाटणं धरावं तसा ती तो धरायची, बाण पडद्यावर कुठल्या कुठे पळायचा. एका रविवारी ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "जरा हात बसेल असं काहीतरी दे की रे."

माझ्याकडे होतं. फ्लॉपीवर.

स्पीकरचा खटका मी आधीच उजवीकडे फिरवून ठेवला होता. चुलतभाऊ दाराआड उभा. आत्यानं पदर खोचला, चष्मा सारखा केला आणि सुरुवात केली. पहिली पायरी तिला आठ-नऊ वेळा पहिल्यापासून करावी लागली. पण ती चिडली नाही. ठिपक्याशी बोलत होती. "हळू... हळू जायचं... रेघेच्या बाहेर नाही जायचं..." पहिलीतल्या पोरांचा हात हातात धरून ती पाटीवर अ गिरवून घ्यायची तो हा आवाज. त्याच आवाजात कधीतरी माझाही हात तिनं धरला होता.

दुसरी पायरी झाली. तिनं मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्यानं मी तिथंच थांबायला हवं होतं. हात पुढे करून बटण दाबायला एक सेकंद पुरला असता. दाराआडून चुलतभावानं मला खूण केली. मी म्हणालो, "आता तिसरी. ही अवघड आहे हं, जवळून बघ."

ती वाकली. दोऱ्याएवढ्या रस्त्यात तिचा ठिपका थरथरत, पण कडेला न लागता पुढे सरकला. माझ्याहून छान. आणि मग ते आलं.

आत्या ओरडली नाही. तापल्या तव्यावरून उचलावा तसा तिनं माऊसवरचा हात उचलला आणि दुसऱ्या हातात घेऊन मांडीवर ठेवला. किंकाळी संपली. चेहरा पडद्यावर तसाच होता. दाराआडून हसू फुटलं आणि मध्येच विझलं. पडद्याकडेच बघत आत्या अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझ्याकडून काही बिघडलं का रे?"

मी वाकून भिंतीवरचं बटण बंद केलं. "नाही आत्या, कॉम्प्युटरच बिघडलाय. सारखं असं करतो हल्ली."

नव्या वस्तूचं दडपण मनात बाळगून बसलेल्या बाईला तो धप्पा कळलाच नव्हता. तिच्या लेखी एकच गोष्ट घडली होती: भावाच्या घरातली महागाची चीज आपल्या हातून मोडली. धप्प्यानंतर हसू येतं, कारण पाठीत थाप कुणी आणि का मारली ते दोघांनाही ठाऊक असतं. इथं खुर्चीमागे कुणी उभं आहे, हेच तिच्या गावी नव्हतं. आणि मी ते सांगितलं नाही. एमएस-सीआयटी ती पास झाली, चांगल्या मार्कांनी झाली, पेढे घेऊन आली, तेव्हाही सांगितलं नाही.

त्यानंतरचा इतिहास झरझर पुढे गेला. यूट्यूब आलं आणि लोकांनी मागे उभं राहण्याऐवजी कॅमेरा उभा केला. त्याच चक्रव्यूहासमोर लहान पोरांना बसवून, ती भोकाड पसरतात ते चित्रित करून, आईबापांनी आणि थोरल्या भावांनी जगाला दाखवलं. मी त्यातले बरेच बघितले. एकही पूर्ण बघवला नाही. २००७ च्या सुमाराला या सापळ्याचे दात काढून टाकण्यात आले. दुवा उघडला की आता रिक अ‍ॅस्टली १९८७ चं आपलं गाणं म्हणत नाचायचा, आणि १ एप्रिल २००८ ला खुद्द यूट्यूबनं आपल्या मुख्य पानावरचे व्हिडिओ त्याच्याकडे वळवून सगळ्यांना एकदम मामा बनवलं. दचकवणं हा रीतसर धंदाही झाला. २०१४ साली स्कॉट कॉथननं 'फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज' काढला. पिझ्झाच्या हॉटेलात रात्रपाळीचा पहारेकरी, बारा ते सहा, हलायचं नाही, फक्त कॅमेरे बघत बसायचं, आणि यांत्रिक बाहुले कधी दारात येतील याचा नेम नाही. गंमत म्हणजे त्याआधी त्यानं मुलांसाठी एक गोडसा खेळ केला होता आणि त्यातली पात्रं उगीच भयाण, यांत्रिक वाटतात अशी टीका झाली होती. गड्यानं टीका मनावर घेतली. चक्रव्यूहाचंच हे तंत्र: स्थिर बस, नीट बघ. फरक इतकाच की आता माणूस पैसे देऊन, जाणूनबुजून खुर्चीत बसतो, आणि तो कसा दचकतो ते बघायला आणखी लाखो लोक येतात. यात मला काही वावगं वाटत नाही. राज्य त्यानं स्वतः मागून घेतलंय.

किळसेचं काय झालं, ते मात्र वेगळं. रॉटन २०१२ नंतर थंडावलं आणि २०१७ मध्ये दिसेनासं झालं. ऑग्रिश नावाची तशीच एक साइट होती. तिच्यामागच्या लोकांनी २००६ मध्ये लाइव्हलीक काढलं, तेही मे २०२१ मध्ये बंद झालं. याचा अर्थ ती चित्रं संपली असा नाही. ती आता सगळीकडेच टाकली जातात, आणि आपल्यापर्यंत पोचण्याआधी कुणीतरी ती बघून बाजूला काढतं. त्यासाठी पगारी माणसं आहेत, भारतात, फिलिपिन्समध्ये, केनियात, अमेरिकेत. पाळीच्या पाळी बसून एकामागून एक बघायचं आणि ठरवायचं: ठेवा, काढा, ठेवा, काढा. २०२० साली फेसबुकनं अमेरिकेतल्या अशा कामगारांच्या दाव्यात ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं; बघून बघून त्यांची मनं आजारी पडली होती. मी एक फोटो बघितला तर माझ्या घशाखाली आमटी उतरली नव्हती. त्यांच्यावर रोज आठ-आठ तास राज्य, आणि ते दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही असा करारात लिहिलेला नियम.

फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. १२ जानेवारी २०२१ पासून तर त्याच्या फाइली उघडेचनात. पण रफल नावाचं एक सोंग आहे, ते जुन्या फाइलला फ्लॅश जिवंत असल्याचं भासवतं, आणि इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी त्याच्या जोरावर हजारो जुने खेळ पुन्हा चालतात. गेल्या महिन्यात मी एका रात्री चक्रव्यूह उघडला. आवाज बंद केला. खुर्ची मागे घेतली. तिसऱ्या पायरीवर दोऱ्याएवढ्या रस्त्याच्या तोंडाशी येऊन थांबलो. पुढे काय येणार, कुणाचा चेहरा, रंगभूषा कुणाची, सगळं ठाऊक. माझी मान आधीच खांद्यात गेली होती. ठिपका तिथंच ठेवून मी पाणी प्यायला उठलो आणि परत आलो नाही.

गणपतीत आत्याकडे गेलो होतो. ती आता सत्तरीत आहे, गुडघे दुखतात, पण फोन सराईतपणे चालवते. सकाळी सहाला सुप्रभातचं फूल पहिलं तिचंच येतं. आरती झाल्यावर प्रसाद खाताना मी विषय काढला. "आत्या, एमएस-सीआयटीच्या वेळचं आठवतं का गं? आमच्याकडे तो गेम..."

"आठवतो की. रेघेचा." तिचा चेहरा खुलला. "तिसऱ्या पायरीपर्यंत गेले होते मी. शेवटच गाठला असता, पण नेमका तुमचा कॉम्प्युटरच बिघडला." मग शेजारी बसलेल्या सुनेला तिनं सांगितलं, "ह्यानंच शिकवलं मला माऊस धरायला."

माझ्या तोंडात मोदक होता.

"हां, तू आलायस ते बरं झालं," असं म्हणत तिनं पर्समधून फोन काढला. "हा बघ रे जरा. कालपासून फोटोच उघडत नाहीत. माझ्याकडून काही बिघडलंय का?"

जागा भरली होती. फुलंच फुलं, चार हजारांच्या वर. मी खाली मान घालून एकेक पुसत बसलो.